तेराशे दहा साल म्हणजे नेमकं कधी?

संयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा आमची जरा पंचाईतच झाली. या व्याख्यानमालेत बोलून गेलेले लोक कुणी पाणीतज्ज्ञ, कुणी इतिहासाचे प्राध्यापक, कुणी वकील. आम्ही कुणीच नाही. बीडमध्ये सुभाष रोडच्या बाजूला एका चहाच्या दुकानात रविवारी सकाळी बसणारे आम्ही सात-आठ जण. एक एसटीतून निवृत्त झालेले, एक मेडिकलवाले, दोन मास्तर, एक शेतकरी, बाकीचे असेच. चार वर्तमानपत्रं येतात, ती फिरत राहतात. इथे उभा आहे एकच माणूस, पण बोलणं सगळ्यांचं आहे, म्हणून आम्ही ‘आम्ही’ म्हणणार.

आमच्यावर एक आरोप नेहमी होतो. तुम्हाला सगळ्यातलं थोडं थोडं कळतं आणि कशातलंच पुरतं कळत नाही. आरोप खरा आहे. पहिल्या पानावर जायकवाडीचा विसर्ग, तिसऱ्यावर ऊसतोड मजुरांची उचल, पाचव्यावर कुठल्यातरी देशातली निवडणूक, आणि पुरवणीत राष्ट्रकूटांची नाणी. हे सगळं आम्ही एका चहात वाचतो. मग गप्पा. मग त्यातलं काहीतरी मोबाइलवर लिहून गावभर पाठवायचं. इथेच गडबड होते. आज आम्ही आमच्या गडबडींबद्दलच बोलणार आहोत. त्यातली एक जरा मोठी होती, तिच्यात दुसऱ्याचं घर गुंतलेलं होतं. तिच्याकडे येतोच, पण आधी छोट्या.

खजिना विहीर आपल्या सगळ्यांची. शहराच्या दक्षिणेला, पाच-सहा किलोमीटरवर. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाने ती बांधून घेतली. सगळा खजिना हिच्यावर खर्च झाला म्हणून नाव खजिना, असं आपण लहानपणापासून ऐकतो. एका उन्हाळ्यात, टँकरच्या बातम्यांनी पेपर भरलेला असताना, आम्ही मोठ्या अभिमानाने लिहून पाठवलं की आजच्या इंजिनिअरांनी शिकावं असं हे काम आहे, साडेचारशे वर्षांत या विहिरीचं पाणी कधी आटलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्याच शेतकऱ्याने विचारलं, ‘‘तुमच्यापैकी तिथं शेवटचं कोण गेलं होतं?’’ कुणी शाळेच्या सहलीला गेलेला, कुणी लग्नानंतर.

मग गेलो. विहीर नीट पाहिल्यावर कळतं की ही आपल्या नेहमीच्या अर्थाने विहीर नाहीच. आपली विहीर म्हणजे खड्डा, झरे लागले की पाणी, उपसलं की कमी. इथे जमिनीखालून भुयारं आहेत. दोन भुयारांतून पाणी विहिरीत येतं आणि तिसऱ्यातून बाहेर पडून खालच्या शिवाराला जातं. मोट नाही, मोटार नाही. युक्ती उताराची आहे. जमिनीचा उतार जास्त आणि भुयाराचा उतार त्याहून कमी ठेवायचा. वरच्या अंगाला भुयार खोल असतं, तिथे ते मुरलेलं पाणी गोळा करतं. खाली येता येता जमीन त्याच्या पातळीवर उतरते आणि पाणी आपोआप उघड्यावर येतं. इराणपासून ही विद्या चालत आलेली. औरंगाबादेत मलिक अंबरने नहर बांधली ती याच जातकुळीची. मधली विहीर म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचं जंक्शन समजा. म्हणून पातळी फारशी हलत नाही अशी तिची ख्याती.

पण ही युक्ती पाणी तयार करत नाही. मुरलेलंच पाणी ती आणते. आपल्याकडे वर थोडी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण; पाणी राहतं ते मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत. विहीर बांधली तेव्हा आसपास एकही बोअर नव्हता. आज पाचशे-सहाशे फूट बोअर घेणं ही बातमीसुद्धा होत नाही. तेव्हा ‘त्यांना जमलं, आपल्याला जमत नाही’ असं जे आम्ही लिहिलं, ते अर्धंच होतं. त्यांना जमलं ते खरं. आणि त्यांच्या भुयाराच्या डोक्यावर कुणी भोकं पाडत नव्हतं हेही खरं. दुसरा अर्धा भाग आम्ही पाठवला, तो अर्थातच फार कुणी पुढे पाठवला नाही.

जाता जाता, सलाबतखानाबद्दल एक गंमत. अहिल्यानगरजवळ डोंगरावर जो तीन मजली चांदबीबीचा महाल म्हणून आपण पाहून येतो, तो चांदबीबीचा नाही आणि महालही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. ज्याने आपल्याला विहीर दिली त्याच्या कबरीवरचं नावसुद्धा लोकांनी दुसऱ्याला देऊन टाकलं! आणि उलट, महंमद तुघलकाच्या नुसत्या दातासाठी बीडच्या परिसरात घुमट बांधला गेला, तो दात मात्र त्याच्याच नावावर आहे. फिरिश्त्याने लिहून ठेवलंय की बीडला पोचल्यावर सुलतानाचा दात दुखला, पडला, आणि त्याने तो समारंभाने पुरून वर इमारत बांधायला लावली. दाताचं दुखणं किती सार्वत्रिक असतं पाहा, दिल्लीचा बादशहा असला तरी.

आता राक्षसभुवन. गेवराई तालुक्यातलं, गोदावरीकाठचं. शनीचं ठिकाण म्हणून सगळे जातात. आमच्या पेपरात त्याचं नाव दरवर्षी एकदा येतं, पावसाळ्यात, नाथसागराचे दरवाजे उघडले की. नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा, आणि त्या यादीत राक्षसभुवन. आमच्यातले मास्तर दरवेळी ती यादी वाचून म्हणायचे, ‘‘हा इशारा विठ्ठल सुंदराला मिळाला असता तर!’’ आम्ही हसायचो, कळायचं कुणालाच नाही. मग त्यांनी एकदा नीट सांगितलं.

१७६३ चा ऑगस्ट महिना. पानिपताला अडीच वर्षं झालेली. माधवराव पेशवे अठरा वर्षांचे, काका राघोबादादांशी नुकतीच जुळवाजुळव झालेली. निजामअली पुणं जाळून-लुटून परत निघालाय. राक्षसभुवनला त्याची फौज गोदावरी ओलांडायला लागली. निजाम स्वतः बराचसा सरंजाम घेऊन पलीकडे गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडच्या काठावर राहिला. मध्ये पावसाळ्यातली गोदावरी. १० ऑगस्टला मराठ्यांनी त्याला तिथेच गाठलं. लढाईत राघोबादादा घेरले गेले होते, माधवरावांनी उलटा हल्ला करून त्यांना सोडवलं, आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. निजामाने पलीकडच्या काठावरून हे पाहण्याशिवाय काही केलं नाही, कारण करता येण्यासारखं काही नव्हतं. निम्मी फौज अलीकडे, निम्मी पलीकडे, मध्ये पाणी. पुढच्या महिन्यात औरंगाबादला तह झाला.

पेपरातली ‘विसर्ग इतके हजार क्युसेक’ ही ओळ आणि ही लढाई यांचा तसा काही संबंध नाही. पण ऑगस्टमधली गोदावरी म्हणजे काय चीज आहे, हे ज्याला काठावरच्या शेतकऱ्याकडून कळलंय, त्याला ती लढाई जास्त चांगली समजते असं आमचं मत आहे. पुस्तकात नुसतं ‘नदीला पूर होता’ असतं.

तारखांचं एक सांगतो. आमच्यातले सगळ्यात वयस्कर काका १९४१ चे. त्यांनी बीड कधी सोडलं नाही. जन्मले निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सातव्या वर्षी, १७ सप्टेंबर १९४८ ला, भारतात आले. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. घर तेच, गल्ली तीच. १५ ऑगस्टला झेंडावंदन करतात आणि १७ सप्टेंबरलाही करतात, कारण पहिल्या तारखेला त्यांच्या घरावर निजामाचंच राज्य होतं. २०२५ साली त्याच १७ सप्टेंबरला अहिल्यानगरहून बीडला रेल्वे सुरू झाली. परळीला गाडी आधीपासून होती, पण जिल्ह्याच्या ठिकाणाला नव्हती. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झालेला. काका स्टेशनवर म्हणाले, ‘‘निजाम पाच दिवसांत गेला. गाडी यायला मात्र मी चौऱ्याऐंशीचा झालो.’’

पाच दिवस म्हणजे १३ ते १७ सप्टेंबर, पोलीस ॲक्शन. यावरही आमच्याकडे जोरात वाद झालेत. स्वामी रामानंद तीर्थ आपल्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते, हे सगळ्यांना माहीत असतं. रझाकारांच्या गोष्टी घराघरांत आहेत. पण पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात आणि आसपास मुसलमान वस्त्यांवर काय झालं, ते पाहायला भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली होती, आणि तिचा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही, हे आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. मेडिकलवाल्यांना माहीत होतं, कारण त्यांच्या आजीने सांगितलं होतं. ते इतकी वर्षं आमच्याबरोबर चहा पीत होते आणि बोलले नव्हते. आम्ही विचारलं नव्हतं.

आता मोठी गडबड.

२०२३ पासून आपल्याकडे एकच बातमी होती म्हटलं तरी चालेल. मनोज जरांगे पाटील मूळचे आपल्याच जिल्ह्यातल्या मातोरीचे. आंदोलन, उपोषणं, मग न्यायमूर्ती शिंदे समिती, आणि कुणबी नोंदींचा शोध. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटिअरबद्दलचा शासन निर्णय निघाला. आरक्षण कुणाला असावं, नसावं, यावर आज आम्ही बोलणार नाही. त्यावर आमच्यातच तीन मतं आहेत आणि चहावाला चौथं देतो. पण एक गोष्ट झाली की ज्या घरांत जुने कागद पत्र्याच्या पेटीत पडून होते, त्या घरांनी पेट्या उघडल्या. इतिहास हा शब्द ज्यांनी दहावीनंतर उच्चारला नव्हता, ती पोरं मोडी वाचणारा माणूस शोधत फिरायला लागली.

पहिला घोळ शब्दाचा होता. टीव्हीवर सगळे ‘हैदराबाद गॅझेट’ म्हणत होते. गॅझेट म्हणजे राजपत्र. सरकारी हुकूम, नेमणुका, कायदे ज्यात छापून येतात ते. निजामाच्या राज्यात त्याला जरीदा म्हणत. गॅझेटिअर वेगळं. ते पुस्तक असतं. एखाद्या मुलखाचं वर्णन: नद्या, पिकं, रस्ते, बाजाराची गावं, लोकसंख्या, कोणत्या जातीचे लोक किती. इंग्रजांनी हिंदुस्थानभर अशी गॅझेटिअरं काढली, त्यात १९०९ चं हैदराबाद संस्थानाचं एक. पुढे महाराष्ट्र सरकारनेही १९६९ मध्ये बीड जिल्ह्याचं काढलं. हे कळलं की पुढचा प्रश्न सुटतो. लोक आम्हाला विचारायचे, ‘‘गॅझेटमध्ये आमच्या पणजोबाचं नाव सापडेल का?’’ नाही सापडणार. गॅझेटिअरमध्ये आकडे असतात, माणसं नसतात. जिल्ह्यात अमुक जातीचे इतके, एवढंच. पणजोबा सापडले तर सापडतील गावच्या कागदात. जन्ममृत्यूची नोंद, शाळेचा दाखल-खारीज, खासरा पत्रक, खरेदीखत, गहाणखत.

असाच एक मुलगा आमच्याकडे आला. गावाचं नाव सांगत नाही, का ते कळेल. वय बावीस-तेवीस, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. आईवडील कोयत्याला जातात. आता पुण्याकडे कोयता म्हटलं की गँग आठवते; आपल्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम कोयते मोजतो, माणसं मोजत नाही. दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला ट्रक भरून जायचं आणि पाडव्यापर्यंत यायचं. मुलगा आजीपाशी राहून शिकलेला. त्याने पिशवीतून एक कागद काढला. पिवळा, चार घड्यांचा, घडीवर फाटलेला. मजकूर मोडीत, वर एक शिक्का उर्दूत.

आमच्यातल्या एका मास्तरांनी मोडीचा पंधरा दिवसांचा वर्ग केलेला. तेवढ्या जोरावर त्यांनी कागद हातात घेतला. अक्षरं काही लागेनात, पण आकडे लागले. १, ३, १, ०. सन तेराशे दहा! मंडळी, त्या क्षणी आमचं काय झालं म्हणून सांगू. १३१० म्हणजे अल्लाउद्दीन खिलजी. देवगिरीवर रामदेवराव अजून आहेत, मलिक काफूर वारंगळहून निघालाय. आणि त्या काळातला कागद बीडच्या एका ऊसतोड कामगाराच्या पेटीत! आम्ही फोटो काढला आणि लिहिलं की यादवकाळातला सातशे वर्षांपूर्वीचा दस्तऐवज सापडला. संध्याकाळपर्यंत तो फोटो परभणीला पोचला होता. कागदावर निजाम सरकारचा शिक्का होता, तो आमच्यातल्या एकालाही अडला नाही. उर्दूत होता ना, वाचायचा प्रश्नच नव्हता.

शिवाय एक शब्द लागला होता: ‘तीर’. मुलगा म्हणाला, आजी नेहमी सांगते की आमची जमीन नदीपर्यंत होती. झालं. नदीच्या तीरावरची जमीन. आम्ही तेही लिहिलं.

तिसऱ्या दिवशी उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी दुकानात आले. मेडिकलवाल्यांनी त्यांना आणलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, शिक्का वाचला, आकडा पाहिला आणि म्हणाले, ‘‘हे फसली आहे.’’ दोन मिनिटं लागली नसतील.

फसली सनाचं जरा सविस्तर सांगतो, कारण ज्यांच्या घरी पेट्या आहेत त्यांना हे लागणार आहे. फसल म्हणजे पीक. हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. सारा वसूल करायचा तर पीक हातात आल्यावर करावा लागतो, आणि पीक सूर्याच्या हिशोबाने येतं. म्हणून मोगलांनी महसुलासाठी वेगळं सौर वर्ष काढलं. दख्खनेत शहाजहानने ते १६३६ मध्ये सुरू केलं. त्या वेळी हिजरी सन होतं १०४६. तोच आकडा घेतला आणि तिथून पुढे सूर्याप्रमाणे मोजत गेले. १६३६ मधून १०४६ वजा केले की ५९० उरतात. म्हणून आपल्याकडच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतं. निजामाच्या राज्यात हे वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं, त्यामुळे जानेवारी ते सप्टेंबरमधली तारीख असेल तर ५९१ मिळवायचे. महिन्यांची नावं इराणी: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहर, आबान. आपल्याकडे पोलीस ॲक्शन झालं ते फसली १३५७ च्या आबान महिन्यात.

म्हणजे पाहा, एकच आकडा, १३१०. इसवी असेल तर खिलजी. शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवून १३८८, बहामनी काळ. हिजरी असेल तर १८९२-९३. आणि फसली असेल तर १९००-०१. पाचशे-सहाशे वर्षांचा फरक, कागद तोच. नुसता ‘सन’ म्हणून कुठला सन, हे आधी विचारायचं असतं. हाच घोळ मोठ्यांचाही होतो बरं का. मुकुंदराजांचा विवेकसिंधू शके १११० चा, म्हणजे ११८८ चा, असं आपण म्हणतो, त्यावर अभ्यासकांचे वाद आहेत, आणि मुकुंदराज आपल्या अंबाजोगाईचे की वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याचे यावरही आहेत. पण ते वाद करणाऱ्यांना शक आणि फसलीतला फरक माहीत असतो. आम्हाला तोही नव्हता.

आणि ‘तीर’ म्हणजे नदीचा काठ नव्हे. फसलीतला आठवा महिना, साधारण मे. कागद १९०१ च्या मे महिन्याचा होता.

आमची फजिती झाली, तिथे गोष्ट संपली असती. पण गुरुजींनी पुढे विचारलं, ‘‘तेराशे दहा फसली म्हणजे आपल्याकडे काय चाललं होतं, माहीत आहे?’’ माहीत नव्हतं. मग आम्ही गॅझेटिअर काढलं. ज्या पुस्तकाच्या नावाने दोन वर्षं बोंब चालली होती, ते पहिल्यांदा उघडलं. बीड जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे ६ लाख ४२ हजार. १९०१ मध्ये ४ लाख ९२ हजार. टाइप करताना चुकलं असेल म्हणून आम्ही पुन्हा पाहिलं. चुकलं नव्हतं. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी दीड लाखाने घटली. दर चार माणसांतलं जवळजवळ एक माणूस नाहीसं. कारण दिलंय दुष्काळ, १८९७ चा आणि मग १८९९-१९०० चा. सगळे मेले असं नाही, पुष्कळसे मुलूख सोडून गेले असणार. पण गेलेले आणि मेलेले यांचा आकडा एकच लागतो. आणि ती १९०१ ची शिरगणती १ मार्चला झालेली. म्हणजे तेराशे दहा फसलीतच. मुलाच्या कागदाच्या आधी दोन-अडीच महिने.

आज जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे २५ लाख ८५ हजार आहे. बहात्तरचा दुष्काळ आपल्या बोलण्यात रोज येतो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, कारण आपल्या केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, तेही आठवतं. त्याच्या आदल्या वर्षी पाण्यावाचून परळीचं वीज केंद्र बंद पडलं, तेही. १९०० चा दुष्काळ मात्र आमच्यापैकी कुणाच्याही घरात कुणी सांगितला नव्हता. चौथा माणूस गेला, आणि गोष्टसुद्धा राहिली नाही.

मजकूर वाचायला मोडी नीट येणारा माणूस दुसऱ्या जिल्ह्यातून मिळाला. कागद गहाणखत निघाला. मुलाच्या खापरपणजोबाने जमिनीचा एक तुकडा, नदीकडचाच, काही रुपये आणि ज्वारी घेऊन गहाण टाकलेला. मुलगा ज्या शब्दासाठी आला होता तो कुणबी हा शब्द त्यात नव्हता. नाव, बापाचं नाव, गाव, चतुःसीमा, एवढंच. प्रमाणपत्राच्या कामाला तो कागद एकटा काही उपयोगाचा नव्हता, हे आम्ही त्याला स्पष्ट सांगितलं.

पण घेणाऱ्याचं नाव होतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की जमीन सावकाराने लुबाडली. कुठला तरी मारवाडी म्हणायचे. कागदात मारवाडी नव्हता. चुलत घराण्यातलाच भाऊबंद होता. आजही भिंतीला भिंत लागून घर आहे, त्या घरातला एकजण या मुलाच्या आईवडिलांबरोबर त्याच टोळीत ऊस तोडायला जातो. म्हणजे जमीन तिकडेही टिकली नाही. मुलाने कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाला, ‘‘फोटो काढून टाका ना तो सगळीकडून.’’ आता फोटो कसा काढणार? परभणीला गेलेला. सुदैवाने मोडी कुणालाच वाचता येत नव्हती.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. घरचा कागद मालकाला विचारल्याशिवाय कुठे पाठवायचा नाही. आकड्यापुढे सन कुठला ते लिहायचं. आणि उर्दू शाळेच्या गुरुजींना दर रविवारी चहाला बोलवायचं. तिसरी आम्ही फक्त पाळतो असं नाही, ती आम्हाला आवडायला लागली आहे. ते ऐंशीच्या पुढचे आहेत. निजामाच्या राज्यात १८८४ पासून कारभाराची भाषा उर्दू होती. बीडमधल्या कितीतरी हिंदू घरांच्या जमिनीचे कागद उर्दूत आहेत. आणि ते वाचणारा माणूस आमच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर राहत होता, हे आम्हाला त्या तिसऱ्या दिवशी कळलं.

मागून चिठ्ठी आली आहे: ‘‘जुने कागद लॅमिनेट करून ठेवले तर चालतील का?’’ नका करू, हात जोडून सांगतो. एकदा लॅमिनेशन केलं की ते निघत नाही, आत कागद खराब होत राहतो. सुती कापडात सपाट ठेवा, कोरड्या जागी, चांगला फोटो काढून घ्या. जुन्या काळी दफ्तरं रुमालात बांधत, ते उगाच नव्हे. मोडी शिकायची असेल तर सरकारचा पुराभिलेख विभाग वर्ग घेतो. निजामकाळचे सरकारी कागद बरेचसे हैदराबादला, तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहेत. गावच्या नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात. तिथे जाताना एक डबा घेऊन जा, एका दिवसात काम होत नाही.

दुसरी चिठ्ठी: ‘‘त्या मुलाचं पुढे काय झालं?’’ त्याच्या अर्जाचं काम दुसऱ्या कागदांवर चालू आहे. गहाणखताचं त्याने शेजारी सांगितलं नाही. आजीला मात्र सांगितलं. आम्हाला वाटलं होतं म्हातारी चिडेल, रडेल, भाऊबंदाचं नाव घेऊन काही बोलेल. तिने एवढंच विचारलं, की तो तीर का काय महिना म्हणता, तो मिरगाच्या आधी येतो की नंतर? मुलगा म्हणाला, आधी. ती म्हणाली, ‘‘मग बियाण्यासाठीच दिली असंल.’’